ताईचे केस बसत नाहीत

बारक्याने काळा प्लास्टिकचा कंगवा स्वतःच्या लोकरी टोपीवर दहा-बारा वेळा खसाखसा घासला आणि साळसूद चेहरा करून पडद्यामागून बाहेर आला.

"सरळ बस ताई. जरा भांग नीट करू दे."

कंगवा डोक्यापासून बोटभर लांब असतानाच ताईचे पांढरे, भुरभुरीत केस एकेक करून उठले, वर्गात साहेब आल्यावर पोरं उठतात तसे. मागचा पडदा निळा. त्यावर केस न् केस मोजून घ्यावा.

"अरे देवा! परत?" बारक्या म्हणाला.

"परत," ताई म्हणाली.

हा तिसरा शुक्रवार. ताई लेकीकडे परदेशात निघाली होती, ती कायमचीच. अर्जाला फोटो हवा होता आणि फोटोला नियम होते: हसायचं नाही, डोळे उघडे, डोक्याची कड स्पष्ट दिसली पाहिजे. पहिला फोटो कचेरीने परत पाठवला, असं ताईने सांगितलं. दुसराही. आज पाचच्या आत चांगला फोटो दिला नाही तर अर्ज बाद, आणि नवीन अर्ज थेट पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू, असा बारक्याचा हिशेब होता. वर्षभरात काय, लेकीचं मन बदलतं, ताईचे गुडघे कुरकुरायला लागतात.

बारक्या नावालाच बारक्या. वय बावन्न, वजन नव्वद. बायको-पोरांच्या भानगडीत पडला नव्हता. हा स्टुडिओ आणि दोन गल्ल्या सोडून राहणारी विधवा ताई, एवढाच संसार. त्याने फसवलं नाही असं माणूस त्या रस्त्यावर शोधून सापडलं नसतं. समोरच्या घड्याळवाल्याची सगळी घड्याळं त्याने एकदा तासभर पुढे करून ठेवली होती. बिचारा जेवायला घरी गेला तर बायको म्हणाली, अजून चूलसुद्धा पेटली नाही. पण या तीन आठवड्यांत घेतली तेवढी मेहनत त्याने कुठल्याच खोडीवर घेतली नव्हती. सकाळपासून हीटर लावून खोलीतली हवा खडखडीत वाळवायची. खुर्चीच्या पाठीला नायलॉनचं कव्हर चढवायचं. आणि वर तोंडाने हळहळायचं.

"ओला हात फिरवून बघ की," ताई म्हणाली.

"फिरवला ना मागच्या वेळी."

फिरवला होता. आधी टॉवेलला नीट पुसून.

"मग तेलाचा थेंब?"

"चमक मारतं ग. चमक चालत नाही त्यांना."

"स्टीलचा कंगवा होता ना तुझ्याकडे?"

"होता. हरवला."

खिशातला स्टीलचा कंगवा त्याच्या मांडीला टोचला. त्याने पाय बदलला.

लहानपणी आईची गिरणीत सकाळची पाळी असायची. ती अंधारातच निघायची आणि बारक्याला शाळेसाठी तयार करणं ताईच्या गळ्यात पडायचं. ताई चौदाची, हा सहाचा. थंडी पडली की हा फुटपट्टी स्वेटरवर घासायचा आणि मागून हळूच तिच्या डोक्याजवळ धरायचा. तेव्हा तिचे केस काळेभोर, वेणी मनगटाएवढी. तरी कपाळावरच्या बारीक बटा सुटून पट्टीकडे धावायच्या. "मेल्या, उशीर होतोय!" असं ओरडून ती हात नळाखाली धरायची. आधी त्याच्या डोक्यावरून फिरवायची, मग स्वतःच्या. गार पाणी त्याच्या कानामागून मानेत उतरायचं आणि तो किंचाळायचा. त्या ओघळासाठीच तर पट्टी घासायची. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"चहा मागवू?" त्याने विचारलं. भिंतीवर पावणेचार झाले होते.

"नको."

ताई उठली. हीटर बंद केला. खुर्चीचं कव्हर ओढून काढलं आणि घडी घालून टेबलावर ठेवलं. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन हात ओले केले, झटकले, केसांवरून सावकाश फिरवले. मग हात पुढे केला.

"आण तो स्टीलचा."

"कुठला?"

"उजव्या खिशातला. मघापासून पाय हलवतोयस."

बारक्याने कंगवा दिला. तिने आरशात न बघता भांग पाडला. केस जागच्या जागी बसले, एकही उठला नाही.

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तीस वर्षं लोकांचे फोटो काढतोयस. एका म्हातारीचे केस तुला बसवता येत नाहीत, हे मी मानेन होय?"

"मग दुसरीकडे का नाही गेलीस? कोपऱ्यावर आहे की तो नवीन."

"आधी काम कर."

त्याने काम केलं. फोटो एकदम नियमात बसणारा आला. छापून, कापून त्याने तो पाकिटात घातला. कापायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"ते आधीचे दोन मी कचेरीत दिलेच नव्हते," ताई म्हणाली. "लेकीला पाठवले. पोरगी हसून हसून लोळली."

बारक्याने मान वर केली. ताईने पिशवीतून आणखी एक अर्ज काढून टेबलावर सरळ केला. अक्षर तिचंच. वर त्याचं शाळेतलं नाव, जे आता फक्त विजेच्या बिलावर यायचं. खाली लिहिलं होतं: मुक्काम, सहा महिने. फोटोची चौकट रिकामी.

"जावयाकडून तुझ्या नावाचं बोलावणं यायचं होतं. काल आलं. तोपर्यंत मला तरी कुठे घाई होती? तू केस उडवत होतास, मी उडवू देत होते."

"आणि स्टुडिओ?"

"त्याला कुलूप लागतं."

"मला विचारलंस का?"

"तू मला विचारलं होतंस?"

बारक्याने टेबलावरचा अर्ज स्वतःकडे ओढला.

"बस आता. साडेचार होतील. तुझं बरं आहे, उभे राहायला केसच नाहीत."

तो टोपी काढून खुर्चीत बसला. तीस वर्षांत या बाजूने त्याने ही खोली पाहिली नव्हती. दिवे डोळ्यांवर येत होते. ताई कॅमेऱ्यामागे गेली, एक डोळा मिटला. मिटायचा नव्हता तोच.

"हसू नकोस. नियम आहे."

"हसत नाहीये."

"कुठलं बटण दाबू रे?"

झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. तो समोरच्या काळ्या भिंगाकडे बघत राहिला.

"सांग ना. पाच वाजतील."

"सांगतो," बारक्या म्हणाला. "थांब जरा."