एक्केचाळीस नंबरचा झगा

मित्रांनो, मी एक जुना काळा झगा आहे. पदवीदानाच्या दिवशी मुलं अंगावर चढवतात ना, तो. आमचं विद्यापीठ लहानशा गावातलं. दोन रस्ते, एक बसथांबा आणि उरलेलं सगळं विद्यापीठच. तिथल्याच शिंप्यानं मला शिवलं. बाहेरचं कापड छान तलम, आतलं अस्तर मात्र उरल्यासुरल्या काळपट तुकड्यांचं. "आत कोण बघायला येतंय!" असं म्हणून तो हसला होता. मला कुणी घरी नेऊ नये म्हणून भांडारातल्या काकांनी अस्तरावर, पाठीच्या मधोमध, पांढऱ्या रंगानं भलामोठा ४१ रंगवला.

पदव्या घेणारे पुष्कळ आणि झगे मोजके. एक जण मंचावरून उतरला की काका त्याच्या अंगावरून मला ओढून काढत आणि पडद्यामागून धावत जाऊन पुढच्याला घालत. "काय रुबाबदार दिसतोयस रे!" असं कुणी म्हणालं की मी फुगून जायचो. ते कौतुक माझंच, असं वाटायचं.

एका वर्षी मी एका तरुण आईच्या अंगावर आलो. लग्नानंतर सुटलेलं शिक्षण तिनं बाळाला मांडीवर घेऊन पुरं केलं होतं. सासूबाई बाळाला सांभाळत पडद्यामागे बसल्या होत्या. तिचा नंबर जवळ आला आणि बाळानं भोकाड पसरलं. तिनं माझ्याच आडोशाला घेऊन त्याला पाजलं. मग खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, तर पठ्ठ्यानं सगळं दूध माझ्यावर ओकून टाकलं.

"अगं बाई! आता गं?" सासूबाई म्हणाल्या.

"उलटा घालते. काळं ते काळंच!"

तिथल्या अंधारात, घाईघाईत, तिला आकडा दिसला नाही. सासूबाई बाळाचं तोंड पुसत होत्या, काका दुसऱ्या कुणाला झगा घालायला धावले होते. रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघींना मात्र तो दिसला. त्यांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं, हसू दाबलं आणि गप्प राहिल्या.

मंचावर ती कुलगुरूंकडे वळली आणि सभागृहात खसखस पिकली. तिनं केस चाचपले, गाल पुसला. काय चुकलं ते कळेना. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "एक्केचाळीस नंबर, हजर!"

 ती मागे फिरणार, तोच पडद्याआडून सासूबाई कडाडल्या, "जा पुढे! पदवी काय झग्याला देतायत का?"

ती गेली. पदवी घेतली. "ताई, वर बघा," फोटोवाला म्हणाला, पण तिनं मान वर केलीच नाही.

माणसाला झाकायला मला शिवलेलं, आणि भर सभेत मीच तिला उघडं पाडलं. माझी ठिगळं जगानं पाहिली, त्याची लाज वाटलीच. पण खाली उतरल्यावर ती ओल्या रुमालानं माझ्यावरचा डाग घासत बसली, भांडारातल्या काकांना "सॉरी काका, सॉरी" म्हणत राहिली, ती लाज अजून माझ्या धाग्यांतून जात नाही.

डागही गेला नाही. पुढे नवे चकचकीत झगे आले. मी आता भांडारात एका बंद पडलेल्या यंत्रावर झाकण म्हणून पसरलेला असतो, धूळ झेलत. सभागृहातल्या टाळ्या इथवर ऐकू येतात. मध्येच हशा उठला की माझ्या शिवणी आखडतात.

मित्रांनो, वस्तू जपा, डागाळू देऊ नका, असं खरं तर मी सांगायला हवं. पण दुधाच्या डागाचं मला काहीच वाटत नाही. तुम्ही फक्त एवढं करा. कुणाच्या पाठीवर असं काही दिसलं, तर मंचाची पायरी चढायच्या आधी हळूच कानात सांगा. मला तोंड नव्हतं. त्या दोघींना होतं.