गाद्यांच्या गाडीला मोठा टर्बो

टर्बो आवळायचा दुसरा स्टडही कसता कसता तुटला आणि मिस्त्रींचा हात पान्यासकट बॉनेटच्या कडेवर आपटला. त्यांनी बोटं तोंडात घातली, ग्रीसची चव लागताच बाहेर काढली आणि जीभ आवरली. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण गाडी जावयाची होती.

“लागलं का, बाबा?” जावयाने विचारलं.

“छे. गुदगुल्या झाल्या.”

कालपासून हेच चाललं होतं. काल सकाळी सकाळी जावई पिकअप घेऊन दारात हजर झाला, इंजिनात जादा हवा कोंबणारा, पोत्यात गुंडाळलेला टर्बो बाकावर ठेवला आणि म्हणाला, “जुना काढून हा मोठा बसवून हवाय.” जुन्याला काही झालेलं नव्हतं. धूर नाही, गळती नाही, शिट्टीही स्वच्छ. मिस्त्रींनी मोठ्याचं पातं बोटाने फिरवून पाहिलं. माल वाईट नव्हता, फक्त या इंजिनाचा नव्हता. भोकांना भोकं जुळेनात, म्हणून मध्ये घालायला जाड लोखंडी पट्टी कापून कानशीने घासावी लागली. पट्टीमुळे टर्बो बोटभर पुढे आला, तर ऑइलची नळी पुरेना. नळी नवी केली, तर हवेचा पाइप बॅटरीला टेकला. मिस्त्रींच्या नाकी नऊ आले.

“पण करायचंय कशाला हे?” त्यांनी काल तीनदा विचारलं होतं. “गाद्या पोचवता तुम्ही, त्याही सपाट रस्त्यावर. कापसाला एवढी ताकद हवी कशाला?”

“असू द्यावी जरा जास्त,” एवढंच उत्तर.

मुलगी गेली त्याला चार वर्षं झाली होती. तीन आठवड्यांचं आजारपण. त्यानंतर जावई यायचा थांबेल, असं सगळ्यांनीच धरलं होतं. पण तो दर महिन्याला येत राहिला. कधी ब्रेक घासतोय म्हणून, कधी नुसताच आवाज येतोय म्हणून. काम झालं की सासूबाई पानं घेत, तिघं जेवत, आणि मुलीचा विषय कुणीच काढत नसे. या खेपेला तो मुक्कामाला राहिला होता आणि रात्री जेवताना त्याने मान वर केली नव्हती.

तुटलेला स्टड ड्रिलने पोखरून काढायला दुपार उजाडली. चार वाजता शेवटचा क्लॅम्प आवळला गेला. मिस्त्री स्वतः गाडी चालवायला बसले, जावई शेजारी.

रस्ता मोकळा होता. त्यांनी पाय दाबला. गाडी म्हशीसारखी रेंगाळली, मागे काळ्या धुराचा लोट उठला, आणि मग एकदम कुणी पाठीत लाथ घातल्यासारखी ती सुटली. जावयाचं डोकं मागच्या काचेवर आदळलं. मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली.

“झालं समाधान? आता तरी सांगा. का दोन दिवस तोंडाला कुलूप लावून बसलात?”

जावयाने काचेतून समोरच्या डोंगराकडे बोट केलं.

“वरच्या तलावाच्या रस्त्याने न्यायचीय गाडी. रोज दोन खेपा. माती, खत, कुंड्या.”

“आणि गाद्या?”

“गाद्यांचं काम सोडतोय. वर एक रोपवाटिका आहे. तिकडेच राहायला जायचं चाललंय.”

“कुणाची रोपवाटिका?”

“एक बाई आहेत.” त्याने आदळलेलं डोकं चोळलं. “त्यांचेही यजमान गेलेत. सात वर्षांची मुलगी आहे. आम्ही दोघांनी ठरवलंय, पण तुम्हाला विचारल्याशिवाय नको, असं मी म्हणालो. काल आल्या आल्या विचारणार होतो. तेवढ्यात तुम्ही बॉनेट उघडलंत.”

मिस्त्रींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. तापलेला टर्बो असा झटकन बंद करायचा नाही, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. पातं बारीक आवाज करत थोडा वेळ फिरत राहिलं. ते थांबल्यावर मिस्त्रींनी विचारलं,

“चढ केवढा आहे?”

“चार किलोमीटर. वळणंच वळणं.”

“म्हणजे भरल्या गाडीने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जायचं.”

“हो.”

“मग हा रेडा काय कामाचा?” मिस्त्रींचा आवाज चढला. “हा जागा होईपर्यंत गाडी मागे घरंगळेल! चढाला लहानच लागतो, हाक मारली की धावणारा. तुमचा होता तोच! काल सकाळी एक वाक्य बोलला असतात, तर माझे दोन दिवस वाचले असते, दोन स्टड वाचले असते, हे बोट वाचलं असतं! एक वाक्य! माणसाने किती छळावं एखाद्याला!”

जावई मान डोलवत होता. डोलवता डोलवता त्याने बाहीने डोळे पुसले. चार वर्षांत मिस्त्री पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडले होते.

घरी आले तेव्हा सासूबाई हात पुसत दारात उभ्या होत्या.

“झालं का बाई एकदाचं?”

“कसलं झालंय! सगळं परत काढायचंय,” मिस्त्री म्हणाले. “यांना चढावर जायचंय. आत्ता सांगताहेत.”

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग जावयाच्या. पुसून कोरडे झालेले हात त्या पुन्हा पुसत राहिल्या.

“लग्न कधी करताय?” त्यांनी विचारलं. रात्रीच त्यांना शंका आली होती.

“अजून तारीख नाही, आई. बाबा काही बोलले नाहीत.”

मिस्त्री बॉनेट उघडून आत वाकले होते.

“तासभर हात लावता येणार नाही, फार तापलंय,” ते तिथूनच ओरडले. “तोवर त्या बाईंना फोन लावा. एका खेपेला किती माती न्यायची असते ते नीट विचारून घ्या. अंदाजपंचे नको. क्लचही बघावा लागेल.”