एकेचाळिसाव्या पानावरची नदी

मित्रांनो, मी गोष्टींचे एक जुने पुस्तक आहे. टेमघरच्या एका शाळेत, लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात पडून असते.

नवे होते तेव्हा माझे फार लाड झाले. माझ्यात चंद्र हसायचा, वारा रुसायचा, डोंगर पेंगायचे. "असं कुठं असतं का?" म्हणत मुले खिदळत आणि पुढचे पान उलटत. मला वाटे, ही नुसती कल्पना आहे हे सगळ्याच मुलांना कळते.

मग चौथीतल्या पूर्वीने मला घरी नेले. तिचा मोठा भाऊ धनेश त्या पावसाळ्यात कामवारी नदीत बुडाला होता. पण तिला कोणी नीट सांगितलेच नव्हते. "दादा देवाघरी गेला," एवढेच सगळे म्हणत. "परत कधी येणार?" असे तिने विचारले, की आई उठून आत जाई.

माझ्या एकेचाळिसाव्या पानावर एक वाक्य होते : 'नदी म्हणजे आई, थकलेल्या लेकरांना ती कुशीत निजवते.' मोठी माणसे या वाक्याची फार वाहवा करत. पूर्वीने ते बोट ठेवून तीनदा वाचले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मला छातीशी धरून थेट नदीवर गेली. काठावरून हाका मारू लागली, "दादा, ऊठ ना! किती झोपशील?"

ओ आली नाही. तशी ती पाण्यात उतरली. आधी गुडघाभर, मग कमरेपर्यंत. माझी पाने भिजली. मी काय करणार होते? तिला शोधत आलेल्या तिच्या हिरामण आजोबांनी दंडाला धरून तिला बाहेर ओढले. "तथं कोन न्हाय गो, पूर्वे!" म्हणत ते चिखलातच बसले आणि रडू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत तिच्या वर्गाच्या नीरजाबाईंनी तिला शेजारी बसवले आणि तिने दाखवलेली ती ओळ वाचली. "पूर्वी, धनेश मेला. तो परत येणार नाही. नदी म्हणजे पाणी, आई नव्हे. लिहिणाऱ्याला दुःख सोसवेना, म्हणून त्यानं तसं म्हटलं."

पूर्वीने माझे भिजलेले पान बोटाने सरळ केले. मग म्हणाली, "बाई, गल्लीतले दिवसरात्र खडखडणारे कापडाचे सगळे लूम एकदम बंद पडले ना, की कानांना कसंतरीच होतं. आमच्या घरात तसं झालंय."

आणि ती पहिल्यांदा रडली. त्या दिवशी मला उमगले : खरे काय ते आधी ठाऊक असेल, तरच 'सारखे' आणि 'तसे' हे तुलनेचे शब्द आधार देतात.

पण पूर्वी पाण्यात उतरली म्हणून शाळेतले लोक आणि पालक घाबरले होते. माझे ते पान फाडून टाकले गेले. पुढे नीरजाबाईंची बदली झाली, कपाटाला कुलूप लागले. आता वाळवी माझ्या पुठ्ठ्यापर्यंत आली आहे.

मोठ्यांनो, आमची पाने फाडू नका. आणि आम्हांला मुलाच्या हाती देऊन निघूनही जाऊ नका. शेजारी बसा. एखाद्या ओळीवर त्याचे बोट थांबले, तर विचारा, "तुला काय वाटलं रे हे वाचून?" पूर्वीने ती ओळ वाचली, त्या संध्याकाळी तिला असे विचारणारे घरात कोणी नव्हते.