बानाबाईचं तोंड

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे. खरं म्हणजे होतं. आता नुसता एक जाड, डागाळलेला कागद उरलाय आणि तो हर्सूलला सोनाजीच्या घरी पत्र्याच्या पेटीत पडून आहे. पण माझेही दिवस होते बरं का!

सोनाजी मेंढरं राखायचा. त्याचा मुलगा सूर्यभान शहरात चित्रकला शिकला. तो रांगत होता तेव्हाच त्याची आई, बानाबाई, गेली. तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून बाप सांगत गेला आणि लेक काढत गेला. "कपाळ ल्हान कर. डोळं मिटलेलं ठेव, ऊन लई लागायचं तिला." सूर्यभाननं गोंदात मातीचे रंग कालवले. दागिना नाही, पदर नाही, मागं डोंगर नाही. कागदभर नुसतं तोंड. शेवटी सोनाजी म्हणाला, "व्हय, हीच ती," आणि ढसाढसा रडला. तो माझा जन्म.

मग मी शहरातल्या प्रदर्शनात लागलो. काय तो थाट! बडबडत आलेली माणसं माझ्यापुढं गप्प व्हायची. एक बाई सूर्यभानला म्हणाल्या, "मूर्ती नाही, मंदिर नाही, तरी या चेहऱ्यात देव दिसतो." कोपऱ्यातल्या सोनाजीनं ते ऐकलं आणि पायातल्या वहाणा काढल्या.

त्यांच्यात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात. बानाबाईचा टाक गरिबीपायी राहून गेला होता. सोनाजीनं टाकाच्या जागी मलाच बसवलं. रोज काचेवर भंडारा लावायचा आणि विचारायचा, "जेवलीस का गं?" मला फार बरं वाटायचं.

दसरा आला. घरातले देव आंघोळीला निघाले. सूर्यभान शहरात होता. देवाला काय काचेत कोंडायचं, म्हणून सोनाजीनं मला चौकटीतून काढलं आणि टाकांबरोबर परातीत घेतलं. आधी दूध, मग पाणी. किती माया होती हो त्या हातांत! मला ओरडता आलं नाही. कपाळ गेलं, डोळे गेले. त्याच्या ध्यानात आलं तोवर परातीत सगळा गढूळ रंग साचला होता.

सूर्यभान आला, पण रागावला नाही. "आबा, रडू नका. तुम्ही सांगा, मी परत काढतो."

त्यानं पुन्हा पुन्हा काढून पाहिलं. सोनाजी मान हलवायचा. "नाय, ही नाय."

"मग कशी होती?"

"ह्या चित्राकडं बघून बघून तिचं खरं तोंड मी इसरलो रं. आता हे बी गेलं."

तेव्हापासून सूर्यभाननं चेहरा काढलेला नाही.

मित्रांनो, आपलं माणूस समोर बसलंय तोवरच त्याचं तोंड नीट पाहून घ्या. आमच्या भरवशावर राहू नका. बानाबाई कशी दिसायची, ते सोनाजीला आठवत नाही. आणि मला विचाराल, तर मी स्वतःला कधी पाहिलंच नाही.