सर्वानुमते

कुलगुरूंच्या मनाविरुद्ध विद्यापीठात काही घडलं असलं, तरी ते कागदावर सापडायचं नाही. ही सोय सभा विभागाच्या अधीक्षक बाई करायच्या. व्यवस्थापन परिषदेत कोण काय बोललं ते टिपून घ्यायचं आणि मग साहेबांना जे घडायला हवं होतं ते इतिवृत्तात लिहायचं. टेबलाभोवतीची माणसं एकमेकांच्या उरावर बसायची बाकी राहिली असली, तरी बाईंच्या कागदावर ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर व्हायचा. शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागे सर्वानुमतेबाई म्हणायचे. बाईंच्या ते कानावर होतं. सुरुवातीला झोंबलं, मग अंगवळणी पडलं.

या कुलगुरूंची कारकीर्द बाईंनी पहिल्या पायरीपासून पाहिली होती. रसायनशास्त्राचे साधे व्याख्याते होते तेव्हा ते प्रयोगशाळेत कमी आणि तेव्हाच्या कुलगुरूंच्या दाराबाहेर जास्त दिसायचे. प्रयोग विद्यार्थ्यांनी करायचे, निबंधावर पहिलं नाव यांचं. पुढे वसतिगृहाचे रेक्टर झाले, मग परीक्षा नियंत्रक, मग अधिष्ठाता. ज्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढले, त्याला नंतर कधी ओळख दाखवली नाही. कुलगुरू झाल्यावर तर त्यांनी जिन्याखालच्या पाण्याच्या यंत्रावरसुद्धा उद्घाटनाची पाटी लावून घेतली. घोटभर पाणी प्यायला वाकावं, तर समोर यांचं नाव. तहान मरायची.

बाईंची थोरली बहीण याच विद्यापीठात मृदाशास्त्राची विभागप्रमुख होती. मातीचे नमुने तपासण्याची तिची प्रयोगशाळा तिने शून्यातून उभी केली होती. कुलगुरूंना ती इमारत हवी होती, कशाला, तर ‘नेतृत्व विकास केंद्रा’ला. ताईला परिषदेत बोलावलं गेलं. ती वीस मिनिटं उभी राहून बोलली, एकेक मुद्दा मांडला, आवाज चढवला नाही. ती बाहेर गेल्यावर कुलगुरू बाईंना म्हणाले, “विभागप्रमुखांच्या संमतीने, सर्वानुमते, असं लिहा.” बाईंनी लिहिलं. हात थरथरला असं त्यांनी नंतर स्वतःला बरेचदा सांगितलं, पण अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं होतं.

ते इतिवृत्त विभागात पोचलं आणि ताईच्या हाताखालच्या संशोधकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. आतून सौदा केला, असं तिच्या तोंडावर म्हणाले. ताईने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि धाकट्या बहिणीशी बोलणं टाकलं. त्याला आता चार वर्षं झाली होती. आई एकीला सकाळी बोलवायची आणि दुसरीला संध्याकाळी, म्हणजे दोघींची गाठ पडायला नको. बाईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्याआधी ताईने एकदा तरी हाक मारावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि मग ती सभा झाली. कुलगुरूंची मुदत संपत आली होती. दुसरी मिळावी म्हणून त्यांनी कुठे कुठे नाक घासलं होतं हे अख्ख्या विद्यापीठाला माहीत होतं. पण मागितलं असं दिसू नये, लोकांनी गळ घातली असं दिसावं, ही हौस. सभेच्या शेवटी त्यांनी चष्मा काढला, डोळे किलकिले केले आणि जड आवाजात म्हणाले, “मला आता मोकळं करा. दुसऱ्या मुदतीसाठी माझा विचारही होऊ नये. माझ्याहून लायक माणसं याच टेबलाभोवती बसली आहेत.”

आणि थांबले. ‘छे छे सर, तुमच्याशिवाय कसं होणार’ हे ऐकण्यासाठी चेहरा तयार ठेवून थांबले.

कोणी बोललं नाही. बोलणार कसं? पाच वर्षांत ज्याने ज्याने तोंड उघडलं त्याचं तोंड यांनीच बंद केलं होतं. परवानगीशिवाय बोलायचं नाही हे सभागृह शिकलं होतं, आणि गळ घालायची परवानगी द्यायला साहेब विसरले होते. दोघा अधिष्ठात्यांचा स्वतःचाच डोळा त्या खुर्चीवर होता. ते कपातल्या चहाकडे असे बघत बसले, जसं काही त्यात काहीतरी पडलंय. वित्त अधिकाऱ्यांनी मान डोलवली, ती कशाला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शेवटी कुलगुरूंनी चष्मा परत चढवला आणि सभा संपल्याचं जाहीर केलं.

सगळे पांगल्यावर त्यांनी बाईंना थांबवलं. परिषदेने आपल्याला राहण्याचा आग्रह केला असं लिहायला सांगितलं. सर्वानुमते.

बाई जागेवर येऊन बसल्या. नेहमीचं वाक्य बोटांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांना किळस आली, कुलगुरूंची आली आणि त्याहून जास्त स्वतःची. त्यांनी टाइप केलं, ‘दुसऱ्या मुदतीसाठी आपला विचार होऊ नये, अशी इच्छा मा. कुलगुरूंनी व्यक्त केली. त्यास कोणाही सदस्याने हरकत घेतली नाही.’ त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइल पुढे ठेवली. कुलगुरू फोनवर कुणाला तरी मस्का मारत होते. त्यांनी पान उलटलं, नेहमीसारखी न वाचताच सही ठोकली आणि हातानेच बाईंना जा म्हणून खुणावलं. नियमाप्रमाणे प्रत त्याच दिवशी कुलगुरू निवड समितीकडे गेली.

तीन आठवड्यांनी समितीची उमेदवारांची यादी आली. तीत त्यांचं नाव नव्हतं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की, सभागृहात व्यक्त केलेल्या आपल्या इच्छेचा समिती मनापासून आदर करते. कुलगुरूंनी बाईंना बोलावून घेतलं. चेहरा काळवंडला होता. हे इतिवृत्त खोटं आहे, मी आजच रद्द करतो, तुम्हाला घरी बसवतो, असं बरंच काही ते बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“करा की रद्द, सर,” त्या म्हणाल्या. “पण एक खोटं म्हणालात, तर लोक मागची पाच वर्षं उघडायला लावतील. सगळीकडे सही तुमचीच आहे.”

कुलगुरूंनी इतिवृत्ताची प्रत पुढे ओढली आणि सहीच्या वरचा मजकूर बोट ठेवून वाचायला लागले. असं त्यांच्या बाबतीत बाईंनी प्रथमच पाहिलं. त्यांना मनापासून आनंद झाला आणि तो त्यांनी लपवला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आईकडे मुद्दाम सकाळी गेल्या. ती वेळ ताईची होती. ताईनेच दार उघडलं. आत ये म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. बाईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं, तो चष्मा, ती शांतता, ते वाक्य, ती सही. सांगताना त्यांना धाप लागली होती. चार वर्षांनी पहिल्यांदा ताई त्यांच्याकडे बघत होती.

“त्याने वाचलं नाही?” ताईने विचारलं.

“नाही गं. तो कधीच वाचत नाही.”

“हे तुला केव्हापासून माहीत आहे?”

“पहिल्या सभेपासून,” बाई म्हणाल्या. अजून त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

ताईचा हात दाराच्या कडीवर गेला. मग हळूच म्हणाली, “म्हणजे माझ्या वेळीही त्याने वाचलं नसतं.”