तिसऱ्या मजल्यावरचं गवत

डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गरगर फिरत राहिलं, आणि दप्तरखान्यातली शांतता मोडली. पाळणाघराला सुट्टी असली की हिशेब तपासणारी ताई लेकीला सोबत आणायची. झाकण शोधत ती चिमुरडी कपाटाखाली शिरली आणि झाकणाबरोबर मलाही बाहेर ओढून घेऊन आली.

मित्रांनो, मी एक जुनी किरकोळ खर्चाची वही आहे. लाल कापडी पुठ्ठा, दोनशे पानं. लोकांच्या ठेवी घेणाऱ्या एका संस्थेत मी कामाला लागले. कारकूनकाका माझ्यात चहा, टाचण्या, झाडू असा खर्च लिहीत आणि शेजारी पावती टाचून ठेवत. मोठ्या खातेवह्यांना काचेचं कपाट होतं. मला ड्रॉवर, आणि भरल्यावर तोही नाही.

मग संस्था बुडाली. "धंद्यात खोट आली, माझ्याकडे फुटकी कवडी नाही," असं अध्यक्षसाहेबांनी सांगून टाकलं. ठेवीदारांपैकी एक होत्या शिंपीणमावशी; त्यांची वीस वर्षांची कमाई त्यात गेली. त्यांची मुलगी कॉलेज सोडून आईशेजारच्या मशीनवर बसली. पैसे कुठे गेले ते शोधायला कोर्टाने ताईला नेमलं, पण मोठ्या वह्या धुतल्या तांदळासारख्या होत्या. तीन वर्षं सरली. कोर्टाने दिलेली मुदत संपायला आठवडा उरला होता, तेव्हा मी अशी कपाटाखालून निघाले.

ताईने माझी धूळ झटकली, पानं चाळली आणि थबकली.

"काका, गवत कापायची मजुरी? तीही दर महिन्याला? आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत. इथे गवत कुठे उगवलं?"

काका ओशाळले. "साहेबांनी पावती दिली, मी लिहिली. नळाचा वायसरसुद्धा ते संस्थेच्याच पैशांनी घ्यायचे. हात फार आखडता हो त्यांचा."

"कोट्यवधी लपवले आणि वायसरला जीव तुटला," ताई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

पावतीवर माळ्याचा पत्ता होता. माळ्याने टेकडीमागचा बंगला दाखवला. तो निघाला साहेबांच्या मेव्हण्याच्या नावावर. बंगल्याचे पैसे कोणत्या खात्यातून आले, त्या खात्यात कुठून आले, असं एकेक टाका उसवत ताई थेट मावशींच्या ठेवीपर्यंत पोचली. कोर्टाने बंगला विकून पैसे वाटायला काढले, तेव्हा माझ्या पानापानाला हायसं वाटलं.

म्हणून सांगते मित्रांनो, भरलेली वही रद्दीत टाकताना जरा हात आवरा. कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिलेली एखादी क्षुल्लक ओळ कुणाचा तरी संसार सावरते.

मावशी चेक घ्यायला मुलीसह आल्या. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"सगळे आहेत गं?"

"सगळे, मावशी."

मुलीने आईला पाणी दिलं. ताईची लेक तिच्याकडे टक लावून बघत होती.

"आई, हिची कॉलेजची तीन वर्षंपण सापडली का?"

ताईने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.