साठ पौंडांचा माणूस

माझ्या रॅकेटच्या तारा साठ पौंडांवर ताणलेल्या असतात, हे आमच्या क्लबात लहान पोरालाही ठाऊक होतं, कारण मीच ते त्याला सांगितलेलं असायचं. पंचविशीत एका प्रशिक्षकानं मला साठचा आकडा दिला. त्यानंतर पोट वाढलं, चष्म्याचा नंबर वाढला, केस गेले, नोकरीही संपली. साठ पौंड मात्र जागचे हलले नाहीत. माणसाजवळ एखादं तरी तत्त्व असावं.

टेनिस न खेळणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, की रॅकेटमध्ये तारा ओवून ताणायच्या कामाला गटिंग म्हणतात. तारा थोड्या सैल असल्या तर चेंडू आपसूक उडतो आणि हाताला सुख लागतं. घट्ट असल्या तर चेंडू सांगाल तिथे जातो, पण त्याला तिथवर ढकलायचं काम तुमच्या दंडाला करावं लागतं. थोडक्यात, घट्ट गटिंग ज्यांना दंड आहेत अशांसाठी असतं. आपण त्यांच्यातले, अशी माझी समजूत होती.

माझं गटिंग वीस वर्षं एकाच माणसाकडे. क्लबच्या फाटकाला लागून त्यांचं दुकान, तिसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्यानं पोट आत घ्यावं एवढं. मी म्हणायचो, "साठ. आणि तार तीच, कडक काळी." ते म्हणायचे, "तुम्हाला काय विचारायचं?" आणि दांड्यावरच्या पट्टीवर सुवाच्य अक्षरात ६० लिहून द्यायचे.

गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुकानात त्यांची लेक बसू लागली. हुशार मुलगी. तिनं आल्या आल्या आकडे दाखवणारं नवं मशीन आणलं.

"किती करू, काका?"

"साठ."

तिनं आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कोपराकडे. "नक्की?"

"वीस वर्षं साठच आहे."

"आणि तार?"

"कडक काळी. जगज्जेते वापरतात ती."

"ते पंचविशीतले असतात, काका."

"मनानं मीही आहे."

"मनाचं गटिंग मी करत नाही," ती म्हणाली आणि कामाला लागली.

घरी आल्यावर बायकोनं नेहमीप्रमाणे माझी रॅकेट हातात घेऊन तारांवर टिचकी मारली. ती गाणं शिकवायची. टिचकी मारल्याशिवाय ती भोपळासुद्धा विकत घेत नाही. "अहो, तुमच्या रॅकेटचा सूर चढलाय," ती म्हणाली. मी तिचे आभार मानले.

दुसऱ्या दिवसापासून माझे चेंडू जाळ्यात जायला लागले. थोडेथोडके नव्हे, रांगेनं, शाळा सुटल्यासारखे. जोर लावला तर कोपरात कळ आणि नाही लावला तर चेंडू जाळ्याच्या पायाशी. चौथ्या दिवशी चहाचा कप डाव्या हातानं उचलताना बायकोनं मला पाहिलं.

आता रविवारी क्लबची मिश्र दुहेरी होती. आम्ही दोघं एकतीस वर्षं जोडीनं खेळत आलोय. ती मागून "सोडा" किंवा "घ्या" म्हणते आणि मी सोडतो किंवा घेतो. आठवड्यातला तो एकच तास, ज्यात मी तिच्या उपयोगी पडतो, असं तीच चारचौघांत सांगते. त्या तासाला मी फार जपतो.

"दातवाल्या डॉक्टरांच्या बायकोचा पाय मुरगळलाय," बायको म्हणाली. "ते मला विचारत होते."

"काय विचारत होते?"

"रविवारचं. मी म्हटलं, यांचं शनिवारपर्यंत बघते."

"त्यांची सर्व्हिस तू पाहिलीयेस का?"

"पाहिलीये. जाळ्यापलीकडे जाते."

मी रॅकेट काखोटीला मारली आणि दुकान गाठलं. "तुझं मशीन बिघडलंय," मी त्या मुलीला म्हणालो. "तुझ्या वडलांच्या साठमध्ये आणि तुझ्या साठमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे."

तिनं मशीन थांबवलं. गल्ल्यामागून एक जाडजूड वही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढे फिरवलं. वडलांच्या अक्षरात माझं नाव. पुढे दोन रकाने, 'सांगितले' आणि 'घातले'. पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत साठ. दुसऱ्यात अठ्ठावन्न, मग सत्तावन्न, पंचावन्न, त्रेपन्न आणि शेवटी एकावन्न. शेवटच्या काही ओळींपुढे शेरा होता: 'काळी, पण मऊ.'

वीस वर्षं एक माणूस माझं वय माझ्यापरीस नीट मोजत होता.

"ही फसवणूक आहे," मी म्हणालो.

"मीही तेच म्हटलं बाबांना. ते म्हणाले, कुणाचं कोपर दुखलं का आजवर?" तिनं वहीवर हात ठेवला. "मला नाही जमत, काका. मी जे सांगाल ते घालणार आणि जे घातलं तेच लिहिणार."

मी सहज दोन पानं उलटली. डॉक्टर: सांगितले बासष्ट, घातले एकोणपन्नास. माझी बायको: सांगितले बावन्न, घातले बावन्न. अख्ख्या क्लबात दोन्ही रकाने जुळणारं हे एकच माणूस निघालं. जीव जरा निवला. मुलीनं वही माझ्या हातातून काढून घेतली.

"बोला. किती करू?"

तेवढ्यात माझ्या पाठीला एक रॅकेट टोचली. दुकान लहान असल्यानं कोण आलं ते बघायला वळता येईना, पण लवंगेच्या तेलाचा वास आला.

"काय म्हणतंय कोपर?" डॉक्टरांनी विचारलं. "रविवारचं मनावर घेऊ नका हं. वहिनींना सांभाळून घेईन मी."

ती मुलगी थांबली होती. एकावन्न हा आकडा डॉक्टरांसमोर उच्चारायचा म्हणजे संध्याकाळपर्यंत चारही कोर्टांवर कळणार. नाही उच्चारला, तर रविवारी बायको "घ्या" म्हणणार आणि डॉक्टर घेणार.

"एकावन्न," मी म्हणालो. "मऊ तार. आणि पट्टीवर एकावन्नच लिही, ठळक."

"एकावन्न?" डॉक्टर हसले. "अहो, एवढ्यात चाळण विणून मिळते."

"वय झालं," मी म्हणालो. "तुमचे बासष्ट ना? त्यांना बासष्ट करून दे गं. ही मुलगी अगदी नेमकं करते, डॉक्टर."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांना विचारलं, "नक्की?"

"बारा वर्षं बासष्टच आहे," डॉक्टर म्हणाले.

मी काय करणार? वही दाखवणं माझ्या हातात नव्हतं.

शनिवारी बायकोनं टिचकी मारली, कान लावला, आणखी एकदा मारली. "आलात का जागेवर," ती म्हणाली, आणि रविवारचे माझे मोजे धुवायला टाकले.

पहिल्याच फेरीत समोर डॉक्टर आले, मेव्हणीला जोडीला घेऊन. मेव्हणी चांगली खेळली. डॉक्टरांचा चेंडू मात्र जाळं ओलांडायलाच तयार होईना. दुसऱ्या सेटमध्ये ते दोन गुणांच्या मध्ये कोपर चोळायला लागले. बायकोनं मागून सहा वेळा "घ्या" म्हटलं आणि पाच मी घेतले. सहावा तिनंच घेतला, माझ्या डोक्यावरून. आम्ही जिंकलो.

"डॉक्टरांना काय झालं हो?" घरी येताना तिनं विचारलं. "आणि तुम्ही का हसताय?"

सोमवारी माझी दाढ काढायची होती. तीन आठवड्यांपासून ठणकत होती आणि वेळ कशीबशी मिळालेली. मी खुर्चीत तोंड वासून बसलो. डॉक्टरांनी चिमटा उचलला, चेहरा वाकडा केला आणि परत ठेवला.

"आठ दिवस थांबा," ते म्हणाले. "हात वर जात नाहीये."

"एकोणपन्नास सांगून बघा," मी म्हणालो.

"एकोणपन्नासच का?"

"अंदाज," मी म्हणालो आणि गाल धरून घरी आलो.